वर्गाचा ब्लॉग चालवायचा तर आधी वाचक शोधा

बहुतेक वर्गांचे ब्लॉग दिवाळीपर्यंत टिकत नाहीत. जुलैत हौसेने सुरू होतात, 'शाळेत वृक्षारोपण' आणि 'स्वातंत्र्यदिन उत्साहात साजरा' अशा दोन बातम्या पडतात, मग घटक चाचणी येते आणि पासवर्ड कोणाकडे होता हेही कोणाला आठवत नाही. कारण विचारलं की नेट नाही, मोबाईल नाही, वेळ नाही. ही कारणं खोटी नाहीत. पण त्यांच्याही आधीचं एक कारण असतं: हे सगळं वाचणार कोण, हे कोणी ठरवलेलंच नसतं. वहीतला निबंध मुलगी मॅडमसाठी लिहिते. तोच निबंध टाईप करून ब्लॉगवर टाकला आणि तिथेही तो मॅडमनीच वाचला, तर टायपिंगची मेहनत तेवढी वाढली.

सेलेस्तिन फ्रेने या फ्रेंच शिक्षकाने १९२०च्या दशकात आपल्या खेड्यातल्या शाळेत छोटं छपाईयंत्र आणलं. मुलं स्वतः लिहायची, स्वतः छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायची आणि छापलेली पानं दुसऱ्या गावच्या शाळेला टपालाने पाठवायची. तिकडूनही पानं यायची. यंत्राचं कौतुक सगळे करतात. माझ्या मते खरी करामत टपालाची होती. आपल्याकडे हस्तलिखितं आणि भित्तिपत्रकं पिढ्यान्‌पिढ्या निघत आली आहेत, पण ती ऑफिसशेजारच्या काचेच्या फळ्यात अडकून राहतात आणि किल्ली शिपाईकाकांकडे असते. ब्लॉगमुळे ती काच निघते, एवढाच त्याचा उपयोग, आणि तो पुरेसा आहे.

खालचं सगळं सहावी ते नववीचा वर्ग, एक शिक्षक, एक-दोन मोबाईल आणि आठवड्याला एखादी संगणकाची तासिका गृहीत धरून लिहिलं आहे. उदाहरणं नागपूरची आहेत.

पहिलं काम: एक वाचक

'सगळ्यांसाठी' लिहायला सांगितलं की मुलं कोणासाठीच लिहीत नाहीत. म्हणून एकच वाचक ठरवा. सगळ्यात चांगला वाचक म्हणजे दूरच्या जिल्ह्यातला त्याच इयत्तेचा वर्ग. प्रशिक्षणात ओळख झालेले, बदली होऊन गेलेले, नात्यातले असे शिक्षक प्रत्येकाच्या फोनमध्ये असतात. त्यांच्यापैकी एकाला फोन करा आणि वर्षभराची जोडी ठरवा: तुमची मुलं आमचं वाचतील, आमची तुमचं.

अंतर जितकं जास्त तितकं चांगलं. नागपूरच्या मुलाने रत्नागिरीच्या मुलासाठी लिहायचं म्हटलं की त्याला अचानक सगळं समजावून सांगावं लागतं. तर्री म्हणजे काय? पोळा झाल्यावर लहान मुलं लाकडी बैल घेऊन घरोघरी का फिरतात? मे महिन्यात दुपारी रस्ते ओस का पडतात? कूलरमध्ये पाणी का भरतात? आपल्याला रोजच्या वाटणाऱ्या गोष्टी बाहेरच्याला माहीत नसतात, हे निबंध शिकवून कळत नाही. रत्नागिरीहून 'मारबत म्हणजे काय?' असा प्रश्न आला की एका दिवसात कळतं.

दुसरा वर्ग मिळालाच नाही तर गावी राहणारे आजी-आजोबा, किंवा पुढच्या वर्षी शाळेत येणारी पाचवीची मुलं हेही वाचक चालतात. वाचक ठरला की फळ्याच्या कोपऱ्यात त्याचं नाव लिहून ठेवा. वर्षभर प्रत्येक मजकुराला एकच प्रश्न विचारायचा आहे: हे त्याला कळेल का?

विषय लहान करा, अजून लहान करा

'आमचे नागपूर' हा विषय दिला की झिरो माइल, संत्री, दीक्षाभूमी, फुटाळा अशी यादी येते आणि सगळ्यांच्या वहीत तीच येते. त्याऐवजी असा विषय द्या, ज्याचं उत्तर गुगलवर नाही आणि मुलाच्या गल्लीत आहे.

मारबतीचंच घ्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते. ही परंपरा १८८०च्या दशकापासूनची. एवढं कुठेही मिळतं. पण सोबतच्या बडग्यांवर, म्हणजे पाट्या लावलेल्या टीकेच्या पुतळ्यांवर, यंदा कोणकोणत्या गोष्टींचा राग निघाला, तुमच्या घरातून 'घेऊन जा गे मारबत' म्हणत काय काय घालवायला सांगितलं, हे फक्त तुमचा वर्गच सांगू शकतो. त्यातही एका गटाला फक्त बडग्यांच्या पाट्या टिपायला सांगा. पाट्यांची वही भरली की लेख निम्मा झाला.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या दुकानांची रांगच लागते. डॉ. आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी इथे धम्मदीक्षा घेतली, हे मुलांना पाठ असतं. जी मुलं घरच्यांसोबत तिथे जाणारच आहेत, त्यांना दोनच प्रश्न द्या: तुम्ही कुठून आलात? कोणतं पुस्तक घेतलं? उत्तरं नकाशावर आणि यादीत मांडली की भूगोल, मराठी आणि इतिहास एकाच पोस्टमध्ये येतात. मुलांना मात्र त्या गर्दीत शाळेच्या नावाखाली एकटं पाठवायचं नाही.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरलं. त्या भागातल्या शाळेने शेजाऱ्यांना विचारावं: पाणी कुठपर्यंत आलं होतं? भिंतीवर खूण आहे का? सगळ्यात आधी काय उचललंत? अशा विषयात एक काळजी घ्यावी लागते. ज्या घराचं नुकसान झालं त्या मुलाला लेखक व्हायला भाग पाडू नका. त्याला हवं असेल तर तो स्वतःहून बोलेल.

परवानगी: सगळ्यात कंटाळवाणं, सगळ्यात आधी

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती म्हणजे बालक, आणि बालकाची माहिती वापरायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, असं म्हटलं आहे. कायदा बाजूला ठेवला तरी मुलाचा चेहरा, नाव आणि शाळेचा पत्ता एकत्र इंटरनेटवर असणं कोणत्याच पालकाला आवडणार नाही. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या आणि पालकांना पत्र द्या. पत्र साधं ठेवा:

'आमच्या वर्गाचा ब्लॉग सुरू होत आहे. त्यावर मुलांचे लेख येतील. मुलाचं पूर्ण नाव, पत्ता, फोन नंबर कधीही दिला जाणार नाही. खालीलपैकी ज्याला संमती असेल त्यापुढे सही करा: १) लेख, २) आवाज, ३) चेहरा न दिसणारा फोटो. संमती केव्हाही मागे घेता येईल. संमती न दिल्यास मुलाच्या गुणांवर परिणाम होणार नाही.'

तिन्ही गोष्टींपुढे वेगळ्या सह्या घेणं महत्त्वाचं. लेखाला हो म्हणणारे अनेक पालक फोटोला नाही म्हणतात, आणि ते बरोबरच करतात. ज्याच्या घरून कशालाच होकार आला नाही, त्याला संपादक करा. काम तेच, नाव कुठेच नाही.

मुलांना टोपणनाव घ्यायला सांगा. यात त्यांना एवढी मजा येते की खऱ्या नावाची आठवणही राहत नाही. टोपणनावात आडनाव, जात, वस्तीचं नाव येणार नाही, एवढं तुम्ही बघा. फोटोत हात, वस्तू, भांडी, पाट्या घ्या. गणवेशावरचा बिल्ला, घरावरची नेमप्लेट, गाडीचा नंबर टाळा. फोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'लोकेशन' बंद करा, नाहीतर मूळ फोटोच्या फाइलमध्ये जागेचे अक्षांश-रेखांश साठवले जातात.

जागा आणि चाव्या

ब्लॉगर (ब्लॉग बनवायची गुगलची सेवा) पुरेसा आहे. १९९९ पासून चालू आहे, २००३ पासून गुगलकडे आहे, फुकट आहे आणि मोबाईलवर उघडतो. दिसायला जरा जुनाट आहे, पण आपल्याला लग्नाची पत्रिका छापायची नाही. खातं स्वतःच्या वैयक्तिक ईमेलवर काढू नका. शाळेच्या नावाचं ईमेल काढा, मुख्याध्यापकांना किंवा दुसऱ्या शिक्षकाला दुसरा ॲडमिन करा. बदलीचा आदेश आला की ब्लॉग मरतो तो इथेच. मुलांना खाती काढायला लावू नका. १३ वर्षांखालच्या मुलाला गुगल खातं स्वतःचं स्वतः उघडता येतही नाही. मजकूर मुलांचा, प्रकाशनाचं बटण तुमचं.

ब्लॉग पूर्ण खासगी ठेवता येतो, पण मग पालकांना लॉगिन करावं लागतं आणि निम्मे पालक तिथेच थांबतात. मधला मार्ग असा: सेटिंगमध्ये 'सर्च इंजिनला दिसावा' हा पर्याय बंद करा. लिंक असलेल्याला ब्लॉग दिसतो, शोधणाऱ्याला सहसा सापडत नाही. मात्र हे कुलूप नव्हे. लिंक पुढे पाठवली की कोणालाही उघडता येते, म्हणून वरचे नावा-फोटोचे नियम तरीही पाळायचेच. प्रतिक्रिया तुम्ही मंजूर केल्याशिवाय दिसणार नाहीत, अशी सोय पहिल्याच दिवशी चालू करा.

पालक ब्लॉगवर येत नाहीत, ते व्हॉट्सॲपवर असतात. नवीन पोस्टची लिंक वर्गाच्या ग्रुपवर टाका आणि सोबत लेखातलं एक वाक्य टाका. नुसती लिंक सकाळच्या शुभेच्छांखाली गाडली जाते. ज्यांच्या घरी फोन दिवसभर बाबांसोबत कामावर जातो, त्यांच्यासाठी प्रत्येक पोस्टची एक प्रिंट काढून भिंतीवर लावा. यात कमीपणा काही नाही.

मराठी टायपिंग

पहिला मसुदा नेहमी वहीत, हाताने. मग टायपिंग. शाळेच्या कॉम्प्युटरवर कृतिदेव किंवा श्रीलिपीसारखे जुने फॉन्ट असतील तर त्यातला मजकूर ब्लॉगवर चिकटवल्यावर भलतीच अक्षरं उमटतात. सुरुवातीपासून युनिकोडच वापरा, त्यातली अक्षरं सगळीकडे तशीच दिसतात. मोबाईलवर जीबोर्डमध्ये (गुगलच्या कीबोर्डमध्ये) मराठी भाषा जोडली की बोलूनही टाईप होतं. फोनपुढे वाक्य बोलणं मुलांना आवडतं, पण पूर्णविराम आणि स्वल्पविराम नंतर हाताने टाकावे लागतात, आणि नागपुरी उच्चारांचं फोन काय करेल सांगता येत नाही. ही तपासणी म्हणजेच शुद्धलेखनाचा तास, आणि तोही मुलांनी स्वतःहून केलेला. दर आठवड्याला टंकलेखकांची जोडी बदला, नाहीतर ज्याच्या घरी कॉम्प्युटर आहे तोच वर्षभर टाईप करतो.

संपादन: सगळा जीव इथे आहे

इथे घाई केली तर बाकीचं सगळं वाया. 'माझे आजोबा' या विषयावर पहिला मसुदा साधारण असा येतो:

'माझे आजोबा मिलमध्ये काम करत होते. त्यांना खूप मेहनत करावी लागत असे. पूर्वीचे जीवन फार कष्टाचे होते. आपण त्यांच्याकडून खूप काही शिकले पाहिजे.'

यात चूक एकही नाही, आणि आजोबाही नाहीत. अशा मसुद्यावर लाल पेन चालवायला जागाच सापडत नाही. हा मसुदा दुसऱ्या मुलाकडे द्या. त्याने दुरुस्ती करायची नाही, समासात फक्त प्रश्न लिहायचे: कोणती मिल? कोणती पाळी? यंत्र कसं होतं? डबा कोण आणायचं? आज त्या जागेवर काय आहे? प्रश्न घेऊन मुलगी घरी जाते, आजोबांजवळ बसते, आणि परत येते तेव्हा असं काहीतरी येतं:

'आजोबा एम्प्रेस मिलमध्ये रात्रपाळीला होते. यंत्रांचा आवाज एवढा की शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू यायचं नाही, म्हणून सगळे हातांच्या खुणांनी बोलायचे. आजोबा अजूनही टीव्ही फार मोठ्याने लावतात. आई रागावली की ते आईला मिलमधली खूण करून दाखवतात.'

आता शिक्षकाने एक-दोन वाक्यांची भर सुचवावी, तीही तपासून: जमशेटजी टाटांनी उभारलेली ही मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली आणि आज त्या जागेवर मॉल आहे. मिलचं साल आजोबांच्या खुणांच्या शेजारी आलं की ते लक्षात राहतं. एकट्याने आलं तर परीक्षेपुरतं.

तुमच्या तपासणीचा क्रम ठरलेला असू द्या. आधी माहिती खरी आहे का, मग वाचकाला कळतं का, आणि ऱ्हस्व-दीर्घ सगळ्यात शेवटी. उलट्या क्रमाने गेलात तर मूल लिहायचं थांबतं आणि चुका टाळायला लागतं.

बोलीचं काय करायचं, हा प्रश्न नागपुरात येणारच. माझं मत स्पष्ट आहे: निवेदन प्रमाण भाषेत, पण माणूस बोलला ते जसंच्या तसं. आजी म्हणाली असेल, 'तवा कायचा कूलर वो बाई! वाळ्याचा पडदा लावो, त्याच्यावर पाणी मारो,' तर ते तसंच छापा. 'त्या काळी वातानुकूलनाची साधने उपलब्ध नव्हती' असं तिच्या तोंडी घालणं म्हणजे मुलाखतीत खोटेपणा करणं आहे. रत्नागिरीचा वाचक अडला तर तो विचारेल, त्यासाठीच तो आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून आणलेला मजकूर ओळखायला सॉफ्टवेअर लागत नाही. त्यात कोणाचं नाव, कोणती गल्ली, कोणाचं वाक्य नसतं. मुलाखतीची हाताने लिहिलेली टिपणं दाखवल्याशिवाय टायपिंग नाही, एवढा एक नियम केला की पुरतं.

आवाज आधी, व्हिडिओ नंतर

पहिल्या वर्षी व्हिडिओच्या नादी लागू नका. जोडकामात तासिका जातात, फाइल जड होते आणि चेहरे दिसतातच. दोन-तीन मिनिटांचा आवाज पुरे. फोन एअरप्लेन मोडवर, बोलणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, टेबलावर रुमाल घालून त्यावर ठेवलेला. पंखा बंद, आणि विशेषतः कूलर बंद. कूलरच्या घरघरीत केलेलं रेकॉर्डिंग नंतर कशानेही सुधारत नाही. त्यामुळे मुलाखती हिवाळ्यात उरका. एप्रिलमध्ये कूलर बंद करा असं कोणत्या तोंडाने सांगणार?

सुरुवातीला बोलणाऱ्याचा होकार रेकॉर्ड करून घ्या. 'हो' किंवा 'नाही' उत्तर येईल असे प्रश्न टाळा. 'तुम्हाला मिलमध्ये आवडायचं का?' यापेक्षा 'पहिल्या दिवशी काय झालं?' बरा. उत्तर संपलं की लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. थोडं थांबलं की माणूस स्वतःहून पुढे बोलतो, आणि तेच कामाचं असतं. काटछाट करायला ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं. आवाजाखाली लिखित रूप द्या, म्हणजे ज्यांना ऐकू येत नाही आणि ज्यांचा डेटा संपला आहे, दोघांचीही सोय होते.

गुगलवर दिसणारा फोटो फुकट नसतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात वर्गात शिकवण्यासाठी काही सवलती आहेत, पण तेच इंटरनेटवर टाकणं वेगळं. विकिमीडिया कॉमन्सवरचे फोटो परवाना वाचून, श्रेय देऊन वापरा. त्याहून बरं म्हणजे मुलांनी काढलेलं चित्र. मागे सिनेमाचं गाणं लावायचं नाही. आजीची ओवी तिच्या परवानगीने लावा.

प्रतिक्रिया

'छान', 'मस्त', 'खूप सुंदर' या तीन प्रतिक्रियांवर बंदी. प्रत्येक प्रतिक्रियेत लेखातली एक गोष्ट आणि एक प्रश्न हवा: 'पाट्यांवर महागाईचा राग निघतो हे माहीत नव्हतं. मारबत शेवटी जाळतात की बुडवतात?' उत्तर लेखकानेच द्यायचं, आठवड्याच्या आत. दोन शाळांमधलं नातं या प्रश्नोत्तरांवर टिकतं, म्हणून पोस्ट कमी झाल्या तरी चालेल, उत्तरं चुकवू नका.

वर्षाचं गणित

विदर्भात शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटाकडे उघडतात. जुलै परवानग्या आणि सरावात जाऊ द्या. पहिली खरी पोस्ट पोळा-मारबतीची, मग धम्मचक्र प्रवर्तन दिन, दिवाळीच्या सुट्टीत घरच्या मुलाखती. ६ जानेवारी हा पत्रकार दिन, बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पण'च्या १८३२ मधल्या पहिल्या अंकाचा. त्या दिवशी वर्गाचं संपादक मंडळ बदला. २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाला आजीच्या बोलीतला आवाज लावा. आठवड्याला वर्गाची एक पोस्ट, मुलामागे नव्हे. परीक्षेच्या काळात शून्य.

गुणांसाठी नवीन रकाना लागत नाही. आठवीपर्यंतच्या आकारिक (वर्षभर चालणाऱ्या) मूल्यमापनात प्रकल्प आणि उपक्रम ही साधनं आहेतच, तिथे बसवा. गुण शेवटच्या मसुद्याला देऊ नका, पहिल्या आणि शेवटच्या मसुद्यात जो फरक पडला त्याला द्या. त्यासाठी दोन्ही मसुदे फाइलला लावा, तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनाही तेच दाखवता येतात. किती जणांनी पाहिलं हा आकडा मुलांना दिसणार नाही असं बघा. तो दिसला की विषय बदलतात, आणि महिनाभरात रिलसारखं काहीतरी सुरू होतं.

एप्रिलमध्ये

ब्लॉगरच्या सेटिंगमधून सगळ्या मजकुराचा बॅकअप उतरवून शाळेच्या पेन ड्राइव्हवर ठेवा, आवाजाच्या फाइल्स वेगळ्या. निवडक पोस्टची प्रिंट बांधून ग्रंथालयात द्या, पुढच्या पाचवीला तीच पहिली वाचायला मिळू दे. पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला ॲडमिन करून स्वतःचं नाव मगच काढा. एखाद्या पालकाने संमती मागे घेतली असेल तर ती पोस्ट त्याच दिवशी काढा. काढण्याआधी त्या मुलाला सांगा, आणि त्याच्या लेखाची छापील प्रत त्याच्या हातात द्या.